भाजण्याआधीची कॉफी

गेली काही वर्षे एम. ए.च्या वर्गाला तौलनिक साहित्याभ्यास शिकवताना ‘वसाहतवाद आणि कादंबरी’ या घटकात मी एका डच कादंबरीवर एक तास घेतो. एडुआर्ड डाउव्हेस डेकर याने ‘मुल्तातुली’ या टोपणनावाने लिहिलेली आणि १८६० साली ॲम्स्टरडॅमला प्रसिद्ध झालेली ही कादंबरी. तिचे नाव ‘माक्स हाव्हेलार’ आणि उपशीर्षक ‘डच व्यापारी कंपनीचे कॉफी-लिलाव’. वर्गातले एखाद-दुसरे कोणी इंग्रजी अनुवाद मिळवून वाचते. बहुतेक वाचत नाहीत. एका वर्षी अशाच एका विद्यार्थिनीने तास संपल्यावर थांबून विचारले, “सर, पुस्तकाच्या नावात कॉफी आहे, सुरुवात कॉफीच्या दलालापासून होते. मग पुस्तकात कॉफी आहे कुठे? कोणी ती लावत नाही, तोडत नाही, वाळवत नाही. ज्या मुलखाची गोष्ट सांगितली आहे तिथे तर कॉफी पिकतच नाही.”

शीर्षक उपरोधिक आहे, असे काहीसे उत्तर मी त्या वेळी दिले. ते चुकीचे नव्हते. पण प्रश्न त्याहून मोठा होता, हे मला घरी पोचेपर्यंत जाणवू लागले होते. पुढे उन्हाळ्याच्या सुट्टीत कॉफीच्या इतिहासाविषयी जे हाताला लागेल ते वाचत गेलो, आणि लक्षात आले की त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे तर कादंबरीतून बाहेर पडून कॉफीच्या झाडापर्यंत जावे लागते. हा लेख म्हणजे उशिरा दिलेले ते उत्तर आहे.

१

आरंभ शब्दापासून करू. जुन्या मराठीत कॉफीच्या बियांना ‘बुंद’ किंवा ‘बुंददाणे’ म्हणत. हा शब्द अरबी ‘बुन्न’चा वंशज. अरबीत झाड आणि दाणा यांना ‘बुन्न’ आणि पेयाला ‘कहवा’ अशी दोन नावे आहेत. ‘कहवा’ तुर्कीतून युरोपात गेला, तिथे त्याचे ‘कॉफी’, ‘काफे’, ‘कोफी’ झाले आणि त्यांतला एक शब्द इंग्रजीच्या वाटेने आपल्याकडे आला. जगातल्या बहुतेक भाषांनी असा पेयाचा शब्द उचलला आणि दाण्याचा शब्द मागे टाकला. आज आपणही झाडाला कॉफीच म्हणतो, दाण्याला कॉफीच आणि कपातल्या द्रवालाही कॉफीच. पिकवणाऱ्याचा शब्द गेला, पिणाऱ्याचा राहिला. शब्दांच्या इतिहासात अशा गोष्टी सहसा योगायोगाने घडत नाहीत.

कॉफीचे, म्हणजे ‘अरेबिका’ या जातीचे, मूळ घर इथिओपियाच्या नैर्ऋत्येकडील डोंगराळ अरण्यांत. तिची लागवड करून पेय म्हणून रूढ करण्याचे श्रेय येमेनकडे जाते. पंधराव्या शतकात तिथले सूफी साधक रात्रीच्या जपजाग्यासाठी कहवा पीत असत. पुढे डोंगरउतारावर पायऱ्यापायऱ्यांची शेते करून तिथे कॉफी पिकू लागली आणि मोखा या बंदरातून ती बाहेर जाऊ लागली. सतराव्या शतकात तर जगाच्या व्यापारातली जवळजवळ सगळी कॉफी येमेनमधून जात असे. याच येमेनमध्ये ‘किश्र’ नावाचे एक पेय आजही घरोघरी होते. कॉफीच्या फळातून दाणे काढून घेतल्यावर जी वाळलेली टरफले उरतात, ती सुंठ किंवा आले घालून उकळायची, की किश्र झाले. लोक ते आवडीने पितात. त्यामागे कोणाची सक्ती नव्हती. तरीही दाणा बंदराकडे आणि टरफल घरात, ही वाटणी ध्यानात ठेवण्याजोगी आहे. ती आपल्याला पुन्हा भेटणार आहे.

२

कॉफीचे झाड अनंत आणि कदंब ज्या कुळातले, त्याच कुळातले. त्याचे फूलही पांढरे आणि सुवासिक. कोरड्या दिवसांनंतर पावसाची सर पडली, की आठ-दहा दिवसांत सगळा मळा एकदम फुलतो आणि दोन-तीन दिवसांत कोमेजतो. फुलापासून पिकलेल्या फळापर्यंत सात-आठ-नऊ महिने जातात. फळ आधी हिरवे, मग पिवळसर, शेवटी लालभडक. एकाच फांदीवर हिरवी आणि लाल फळे शेजारीशेजारी असतात. त्यामुळे चांगल्या कॉफीची तोडणी एका फेरीत होत नाही. तोच मजूर त्याच झाडाकडे पुन्हा पुन्हा येतो आणि पिकलेले तेवढे बोटांनी खुडून नेतो. चारशे वर्षांत या कामात फारसा बदल झालेला नाही. सपाट मुलखात यंत्रे आली. डोंगरात अजून बोटेच आहेत.

फळाच्या आत दोन बिया सपाट बाजूंनी एकमेकींना टेकून बसलेल्या असतात. त्यांच्यावर बाहेरून आत साल, गोड गर, बुळबुळीत थर, चामड्यासारखे वाळणारे एक कवच आणि अगदी आत रुपेरी पापुद्रा अशी आवरणे असतात. कॉफीची प्रक्रिया म्हणजे ही आवरणे उतरवण्याची कला. तिच्या दोन रीती. एक कोरडी : फळे तशीच खळ्यावर पसरून, दिवसातून कितीदा तरी हलवत, दोन-चार आठवडे वाळवायची आणि मग कांडून दाणे काढायचे. दुसरी ओली : ताज्या फळांचा गर यंत्राने काढायचा, दाणे हौदात ठेवून बुळबुळीत थर आंबवून सोडवायचा, धुवायचे, आणि दाण्यात सुमारे अकरा-बारा टक्के पाणी उरेपर्यंत वाळवायचे. पहिल्या रीतीला ऊन लागते, दुसरीला पाणी आणि भांडवल. दोन्हीत नजर लागते; एक पाऊस, एक आळशी दिवस, आणि बुरशी धरते. एवढे सगळे करून पाच-सहा किलो फळांमागे एक किलो कच्चा दाणा हाती येतो.

आणि या दाण्याला कॉफीचा वास नसतो. तो हिरवट-करडा, दगडासारखा टणक, ओल्या गवताच्या किंवा कच्च्या कडधान्याच्या वासाचा असतो. आपण ज्याला कॉफी म्हणतो ती अजून व्हायची असते. ती होते भाजताना. दाणा तापू लागला की प्रथम त्यातले पाणी जाते, तो पिवळा पडतो, भाकरीसारखा वास येतो. मग तांबूस होतो. दोनशे अंश सेल्सियसच्या आसपास तो लाहीसारखा तडतडतो आणि फुगतो. पुढची दोन-चार मिनिटे निर्णायक. थोडे आधी उतरवले तर आंबटसर, थोडे उशिरा तर कडू. आठ महिने झाडावर, कित्येक आठवडे खळ्यावर आणि शेवटी जेमतेम पंधरा-वीस मिनिटे आगीवर. पण त्या मिनिटांतच तो वास, तो रंग, ती चव जन्माला येते. दाण्याचे वजन मात्र पंधरा ते वीस टक्क्यांनी घटते.

आता या सगळ्या विवेचनाचा मुद्दा. कच्चा दाणा नीट वाळवला तर वर्षभर टिकतो, जहाजातून अर्धे जग फिरून येतो. भाजलेला दाणा काही आठवड्यांत शिळा होतो, दळलेला तर त्याहून लवकर. ज्या घरात थालिपिठाची भाजणी होते तिथे हे सांगावे लागत नाही : धान्य डब्यात वर्षभर राहते, भाजणीचा खमंगपणा मात्र काही दिवसांचा. तेव्हा कॉफी भाजायची ती पिणाऱ्याच्या जवळ, हे निसर्गानेच ठरवून दिले. निसर्गाने एवढीच अट घातली. पुढची व्यवस्था माणसांनी केली. पिकवणाऱ्याच्या हातून जी जाते ती कॉफी नसतेच. ते असते एक बिनवासाचे, बिनचवीचे, मोजून-तोलून घेण्याजोगे धान्य. ते ‘कॉफी’ होते हजारो मैलांवर, आणि भावही तिथेच चढतो. पिकवणारा आणि पिणारा एकाच वस्तूविषयी बोलत आहेत असे वाटते खरे, पण एकाच्या डोळ्यांसमोर बुन्न असतो आणि दुसऱ्याच्या समोर कहवा.

३

हा बुन्न जावाला गेला तो आपल्या किनाऱ्यावरून. बाबा बुडन नावाच्या सूफी संताने सतराव्या शतकात येमेनहून सात बिया लपवून आणल्या आणि चिकमगळूरजवळच्या डोंगरात लावल्या, ही कथा आपल्याकडे सर्वांना माहीत आहे. ती कथाच आहे. पण त्या शतकाच्या अखेरीस मलबारच्या किनाऱ्यावर कॉफीची झाडे होती, हे डचांच्या कागदपत्रांवरून दिसते. १६९६ मध्ये मलबारहून काही रोपे जावातल्या बटाव्हियाला, म्हणजे आजच्या जकार्ताला, पाठवली गेली. ती पुरात नष्ट झाली. १६९९ मध्ये पुन्हा पाठवली, ती जगली. पुढच्या दहा-बारा वर्षांत जावाची कॉफी ॲम्स्टरडॅमच्या बाजारात लिलावाला आली आणि जावातले एक झाड १७०६ मध्ये ॲम्स्टरडॅमच्या वनस्पती-उद्यानात पोचले. त्या झाडाचे एक रोप १७१४ साली फ्रान्सच्या चौदाव्या लुईला भेट म्हणून गेले. अमेरिका खंडातल्या कॉफीचा मोठा भाग या वंशाचा मानला जातो.

जावाच्या पश्चिम भागातल्या प्रियांगन या डोंगराळ मुलखात डच ईस्ट इंडिया कंपनीने अठराव्या शतकात एक पद्धत बसवली. मुलखातल्या खानदानी सरदारांना, ज्यांना डच ‘रीजंट’ म्हणत, त्यांच्या जागी ठेवायचे, आणि त्यांच्यामार्फत रयतेकडून कॉफी लावून घेऊन ठरलेल्या भावाने वसूल करायची. कंपनी १७९९ मध्ये बुडाली, पद्धत राहिली. १८३० मध्ये गव्हर्नर जनरल योहानेस व्हान डेन बॉश याने तिचे रूप जावाभर पसरवले. इतिहासात ती ‘कुल्तुरस्टेल्सल’, म्हणजे लागवड-पद्धत, म्हणून ओळखली जाते. कागदावरचा नियम असा : गावाने आपल्या जमिनीच्या पाचव्या हिश्शावर सरकार सांगेल ते पीक घ्यावे आणि साऱ्याचा बोजा हलका करून घ्यावा. ऊस आणि नीळ यांच्यासाठी भाताची जमीन गेली. कॉफीसाठी जमीन गेली नाही, कारण ती डोंगरात, पडीक आणि जंगल तोडलेल्या जागेत होत असे. तिने माणसांचे दिवस घेतले. प्रत्येक कुटुंबावर शेकडो झाडांचा वाटा. मळे गावापासून दूर. तण काढणे, तोडणे, वाळवणे, उखळात कांडणे, आणि मग पाठीवर किंवा जनावरांवर लादून सरकारी वखारीपर्यंत नेणे, हे सारे त्याच कुटुंबाने करायचे. घराभोवतीच्या कुंपणालाही कॉफीच. ‘कोपी पागर’, कुंपणाची कॉफी, हा शब्द त्यातूनच आला.

वखारीत मिळणारा भाव सरकार ठरवी. तो बाजारभावाच्या बराच खाली असे. रीजंटला आणि डच अधिकाऱ्याला आलेल्या मालावर टक्केवारी मिळे. तेव्हा अधिक माल यावा यात सर्वांचे हित होते, माल आणणाऱ्याखेरीज. वखारीतून दाणा जहाजावर चढे आणि राजे पहिले विल्यम यांच्या पुढाकाराने १८२४ साली निघालेली डच व्यापारी कंपनी तो ॲम्स्टरडॅम आणि रॉटरडॅमला लिलावात विकी. हेच ते कादंबरीच्या उपशीर्षकातले लिलाव. जावाच्या शिलकेतून डच सरकारने आपले कर्ज फेडले, रेल्वे बांधल्या. १८५० च्या दशकात सरकारी उत्पन्नाचा सुमारे तिसरा हिस्सा या शिलकेतून येत असे, आणि त्या शिलकेत सर्वांत मोठा वाटा कॉफीचा होता. १८६३ साली सुरिनाममधले गुलाम मुक्त झाले तेव्हा मालकांना जी भरपाई दिली गेली, तिच्यामागेही जावाचाच पैसा होता. एका वसाहतीतल्या वेठीने दुसऱ्या वसाहतीतली गुलामी विकत घेऊन संपवली, असा हा हिशेब.

या पद्धतीचा परिणाम सर्वत्र सारखा नव्हता, हेही नोंदवले पाहिजे. काही भागांत रोख पैसा खेळू लागला, बाजार वाढले. नंतरच्या इतिहासकारांनी हे सप्रमाण दाखवले आहे. पण मध्य जावातल्या देमाक आणि ग्रोबोगान या भागांत १८४८ ते १८५० मध्ये दुष्काळाने माणसे मेली, तीही जगातल्या सुपीक बेटांपैकी एका बेटावर. हेही तितकेच सप्रमाण आहे.

आणि कॉफी पिकवणारे पीत काय होते? सुमात्राच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या मिनांगकाबाउ मुलखात १८४७ पासून १९०८ पर्यंत कॉफीची सक्ती होती. तिथे ‘कावा दाउन’ हे पेय आजही मिळते. ‘दाउन’ म्हणजे पान. कॉफीची पाने धगीवर शेकून वाळवायची, पाण्यात उकळायची आणि नारळाच्या करवंटीतून प्यायची. लोक सांगतात, दाणे सगळे वखारीत द्यावे लागत, तेव्हा आमच्या वाडवडिलांनी पानांवर भागवले. येमेनमध्ये टरफल, इथे पान. या पेयाच्या नावात ‘कावा’ हा शब्द मात्र टिकून आहे. पेयाचे नाव त्यांच्याकडे राहिले, पेय ॲम्स्टरडॅमला गेले.

४

आता कादंबरीकडे परत जाऊ. डेकर जानेवारी १८५६ मध्ये जावाच्या पश्चिम टोकाला असलेल्या लेबाक या जिल्ह्यात असिस्टंट रेसिडेंट म्हणून रुजू झाला. तिथला रीजंट रयतेकडून फुकट वेठ घेतो आणि त्याचे नातलग लोकांच्या म्हशी ओढून नेतात, असा आरोप त्याने वरिष्ठांकडे लेखी केला. वरिष्ठांना तो माहीत होता. त्यांना तो कागदावर नको होता. काही महिन्यांतच डेकरने राजीनामा दिला. पुढे दारिद्र्यात, ब्रसेल्समधल्या एका खाणावळीत, १८५९ च्या शरद ऋतूत त्याने सुमारे महिनाभरात ही कादंबरी लिहिली. ‘मुल्तातुली’ या लॅटिन शब्दांचा अर्थ ‘मी पुष्कळ सोसले’.

पण ही सोसल्याची गोष्ट सांगतो कोण? पहिल्या पानावर आपल्याला भेटतो बाटाव्हुस द्रोगस्टोपेल. ॲम्स्टरडॅममधल्या लाउरियरग्राख्ट या कालव्याकाठी ३७ क्रमांकाच्या घरात राहणारा कॉफीचा दलाल. त्याच्या आडनावाचा अर्थच ‘सुके खुंट’. त्याला कादंबऱ्या आणि कविता यांचा तिटकारा आहे, कारण त्या खोट्या असतात. अंगात कोट नाही म्हणून शाल पांघरून हिंडणारा एक जुना शाळूसोबती त्याला आपल्या हस्तलिखितांचे गाठोडे देतो. त्यात कॉफीविषयी काही आहे असे दिसल्यावर द्रोगस्टोपेल कॉफी-लिलावांवर एक उपयुक्त ग्रंथ काढायचे ठरवतो आणि लिहिण्याचे काम श्टेर्न या जर्मन तरुणाकडे सोपवतो. श्टेर्न हा हँबर्गच्या एका बड्या कॉफी-व्यापाऱ्याचा मुलगा, म्हणजे सांभाळून ठेवण्याजोगा. श्टेर्न रसिक निघतो. तो गाठोड्यातून कॉफी काढण्याऐवजी लेबाक काढतो, हाव्हेलार काढतो, आणि अखेर साइजा आणि अदिंदा यांची गोष्ट काढतो.

साइजाच्या बापाची म्हैस हिसकावून नेली जाते. तो घरातले वडिलार्जित विकून दुसरी घेतो, तीही जाते. मग तिसरी. म्हशीवाचून नांगर नाही, नांगरावाचून भात नाही, भातावाचून सारा नाही. बाप परागंदा होतो. साइजा म्हशींपुरते पैसे मिळवायला बटाव्हियाला जातो आणि अदिंदाला परत येण्याचा वायदा करतो. तो परततो तेव्हा तिचे कुटुंबही पळालेले असते. समुद्रापलीकडे, डच फौजेने जाळलेल्या खेड्यात, त्याला तिचे प्रेत सापडते, आणि तो सैनिकांच्या संगिनींवर स्वतःला झोकून देतो.

या गोष्टीत कॉफी नाही. माझ्या विद्यार्थिनीने नेमके यावरच बोट ठेवले होते. लेबाकची जमीन कॉफीला धार्जिणी नाही हे कळल्यावर द्रोगस्टोपेलही बेचैन होतो. जमीन सुधारावी, नाहीतर तिथली माणसे कॉफीच्या मुलखात हलवावीत, असे त्याला वाटते. हे वाचताना आपल्याला हसू येते. पण द्रोगस्टोपेल जे मागतो आहे तेच वाचक म्हणून आपणही मागत होतो, हे नंतर लक्षात येते. शीर्षकात कॉफी पाहून आपल्यालाही मळे, फुलांचा दरवळ, लाल फळे, वेचणाऱ्या बायका असे काहीतरी हवे होते. मुल्तातुली ते देत नाही. कॉफीच्या दलालाला कॉफी दिसते ती वखारीपासून पुढे. वखारीच्या अलीकडचे जे आहे ते त्याच्या भाषेत ‘कॉफी’ नसतेच. ते म्हैस असते, सारा असतो, परागंदा झालेला बाप असतो. मुल्तातुलीने कॉफीच्या पुस्तकातून कॉफी काढून घेतली आणि तिची जागा भाजण्याआधीच्या हकिकतीने भरली. कादंबरीची रचना म्हणजे त्या अंतराचाच नकाशा आहे. एका टोकाला दलाल, दुसऱ्या टोकाला साइजा, आणि मध्ये हस्तलिखित, गाठोडे, शालवाला, श्टेर्न अशा एकामागून एक वखारी. साइजाचे दुःख ॲम्स्टरडॅमला पोचते ते इतक्या हातांतून.

शेवटी लेखकच या वखारी मोडतो. अखेरच्या पानांत मुल्तातुली स्वतः पुढे येतो, श्टेर्नला निरोप देतो, द्रोगस्टोपेलला कॉफीतच बुडवून हाकलतो आणि थेट राजे तिसरे विल्यम यांना उद्देशून बोलू लागतो. कोणी ऐकले नाही तर हे पुस्तक मलाय, जावानीज, सुंदानीज या भाषांत नेईन, अशी धमकीही देतो.

५

त्याच १८६० साली बंगालमध्ये दीनबंधू मित्र यांचे ‘नीलदर्पण’ प्रसिद्ध झाले, हे मी वर्गात आवर्जून सांगतो. नीळ आणि कॉफी, ढाका आणि ॲम्स्टरडॅम. दोघांनाही एकमेकांची वार्ता नव्हती. ‘नीलदर्पण’च्या इंग्रजी अनुवादाबद्दल १८६१ मध्ये पाद्री जेम्स लाँग यांना एक महिन्याची कैद आणि हजार रुपये दंड झाला. ‘माक्स हाव्हेलार’वर खटला झाला नाही, तिचे प्रकाशन ज्याच्या हाती होते त्या याकोब व्हान लेनेप या वजनदार साहित्यिकाने गावांची नावे आणि तारखा काढून तिथे टिंबे घातली. टिंबांनी धार बोथट होते, हे त्याला ठाऊक होते. १८७५ च्या आवृत्तीत लेखकाने ती नावे परत घातली. आपल्याकडे जोतीराव फुल्यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ १८८३ चा. त्यात मधले हात नाहीतच. शेतकऱ्याच्या बाजूचा माणूस पहिल्यापासून स्वतःच बोलतो आहे. मुल्तातुलीला तिथे पोचायला पुस्तकाचे शेवटचे पान गाठावे लागले, आणि तेव्हाही बोलला तो साइजा नव्हे, एक डच अधिकारीच. त्याला वसाहत नको होती असे नाही. त्याला न्यायी वसाहत हवी होती. ही त्याची मर्यादा लपवण्याचे कारण नाही.

पुस्तकाने खळबळ उडवली. १८७० च्या कायद्यांनी लागवड-पद्धत मोडीत निघू लागली. पण तिची जागा घेतली खासगी भांडवलाने, आणि कॉफीची सक्ती तर जावात विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापर्यंत रेंगाळली. कारण उघड आहे : तीच सर्वांत फायद्याची होती. मधल्या काळात श्रीलंकेत १८६९ मध्ये दिसलेला तांबेरा जावाला पोचला आणि सखल भागातले अरेबिकाचे मळे बसले. विसाव्या शतकाच्या आरंभी तिथे रोबस्टा ही जात आणावी लागली. इंडोनेशियात आज पिकते ती बहुतांश हीच.

मुल्तातुलीची धमकीही खरी व्हायला वेळ लागला. एच. बी. यासिन यांचा इंडोनेशियन अनुवाद आला तो १९७२ मध्ये, एकशे बारा वर्षांनी. १९९९ मध्ये प्रामुद्या अनंता तूर यांनी या कादंबरीवर लिहिताना वसाहतवादाचा अंत घडवणारे पुस्तक अशी तिची थोरवी गायली. इंडोनेशियाचा सर्वांत मोठा कादंबरीकार हे म्हणतो तेव्हा त्याला वजन आहे, जरी पुस्तके साम्राज्ये पाडतात यावर माझा स्वतःचा विश्वास तितका नाही. लेबाकमध्ये, रांगकासबितुंग या गावी, २०१८ मध्ये मुल्तातुलीच्या नावाचे संग्रहालय उघडले. एवढे मात्र पुस्तकाने निश्चित केले : ज्या जागेवर टिंबे होती, तिथे नाव आले.

कादंबरीच्या नावाचा आणखी एक प्रवास सांगून थांबतो. १९८८ मध्ये नेदरलँड्समधल्या दुकानांत एका कॉफीच्या पाकिटावर ‘माक्स हाव्हेलार’ हे शब्द छापलेले दिसू लागले. मेक्सिकोतल्या ओआहाका प्रांतातील आदिवासी शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेची ही कॉफी. बाजार पडला तरी शेतकऱ्याला ठराविक किमान भाव मिळेल, याची ती खूण होती. पुढच्याच वर्षी, १९८९ मध्ये, आंतरराष्ट्रीय कॉफी करारातली कोटा-पद्धत कोसळली आणि कच्च्या दाण्याचे भाव घसरले, तेव्हा त्या खुणेचे मोल अधिक कळले. ‘फेअर ट्रेड’ म्हणून आज जी चळवळ ओळखली जाते तिच्या मुळाशी हे पाकीट आहे. तिच्यावर टीकाही पुष्कळ झाली, आणि ती निराधार नाही. पण मला त्यातला विरोधाभास अधिक खुणावतो. द्रोगस्टोपेलला जे पुस्तक हवे होते, कॉफी विकायला मदत करणारे, तेच शेवटी त्या कादंबरीच्या नावाने घडले. आणि मुल्तातुलीला जे हवे होते तेही थोडे घडले : पाकीट उचलणाऱ्याला दाणा कुठून आला, हा प्रश्न पडू लागला.

ती विद्यार्थिनी आता एका कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते. मध्यंतरी एका चर्चासत्रात भेटली तेव्हा मी तिला हे सगळे सांगायला सुरुवात केली. चहापानाची सुट्टी होती. टेबलावर एका थर्मासवर ‘चहा’ आणि दुसऱ्यावर ‘कॉफी’ अशा चिठ्ठ्या होत्या. तिने कॉफीचा कप भरून घेतला, सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, “म्हणजे सर, पुस्तकात कॉफी होतीच. आपल्याला तिचा वास येत नव्हता, एवढेच.”

पुढच्या वर्षी तास घेताना मी हे वाक्य तिच्या नावासकट वर्गाला सांगणार आहे.